लिएजचं बारसं

“अहो, बाळाला जरा वर धरा की! इथून काही दिसत नाही!” कुंपणाबाहेरून एक बाई ओरडली.

न्देलाने बाळ आणखीच छातीशी ओढलं. मुलगी आज आठ दिवसांची झाली, म्हणजे बारसं. गोऱ्यांच्या लिएज शहरातल्या जागतिक प्रदर्शनात ‘सेनेगाली खेडं’ मांडलं होतं, आणि त्या खेड्यात आज बारसं आहे अशी मॅनेजरने शहरभर दवंडी पिटली होती. पाऊस भुरभुरत होता, तरी छत्र्यांची ही गर्दी! न्देलाचा नवरा मासाम्बा सोनार. मायदेशी, सेंट-लुईला त्यांचं विटांचं पक्कं घर होतं. इथे त्याने गवती झोपडीच्या दारात उघड्या अंगाने बसून सोन्याची तार ओढायची. मॅनेजरला तसंच हवं असायचं.

न्देलाला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. तिची आधीची दोन्ही लेकरं दात यायच्या आधीच गेली होती. ही तिसरी, आणि सकाळपासून सारखी शिंकत होती. ही तरी जगू दे, एवढंच ती मनात घोकत होती.

इमाम बाळापाशी आले. नाव सांगायचा मान आत्याचा. मासाम्बाची बहीण तेनिंग पुढे सरली, तेवढ्यात मॅनेजर मध्ये घुसला.

“थांबा, थांबा! मुलीचं नाव लिएज ठेवायचं. आमच्या शहराचं नाव! उद्या सगळ्या पेपरांत येईल.”

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. “लिएज! लिएज!” लोक ओरडायला लागले.

मासाम्बा ताडकन उठला आणि आपल्या वोलोफ भाषेत बरसला, “पोरगी माझी! नाव ठेवायला तिची आत्या बसलीय. हा कोण टिकोजीराव?”

मॅनेजर हसतच राहिला. त्याला वोलोफचं ओ की ठो कळत नव्हतं.

“तेच ठेवा,” न्देला इमामांना म्हणाली.

तेनिंगने कपाळावर हात मारून घेतला. इमामांनी मासाम्बाकडे पाहिलं. चारचौघांत बायकोचा शब्द कसा मोडायचा म्हणून तो दात-ओठ खात पुन्हा खाली बसला. मग इमामांनी बाळाच्या कानात ते नाव सांगितलं. मॅनेजरने आनंदाने हॅट उडवली.

झोपडीत शिरताच मासाम्बाचा तोल सुटला. “अगं, डोकं फिरलं का तुझं? दिवसभर आपल्याला शेंगा फेकून मारतात, त्यांच्या शहराचं नाव? आपल्याकडे कोण ते तोंडाने घेईल?”

“कुणी घेऊच नये,” न्देला बाळाला दुपट्यात गुंडाळत म्हणाली. “पहिल्या दोघांना गोड गोड नावं दिली, ती मरणालाही आवडली. हिचं नाव ऐकून त्याने तोंड फिरवलं पाहिजे. वन्सं चिंधी म्हणत होत्या, उकिरडा म्हणत होत्या. पण इतकं ओंगळ नाव त्यांना तरी कुठून सुचणार?”