कालवांची शिकवणी

"सुरी खुपसायची नाही, टेकवायची," ती म्हणाली. "आणि मग मनगट फिरवायचं."

तो सिंकपाशी स्टुलावर बसला होता. डाव्या हाताला जाड टॉवेल गुंडाळलेला, त्यात एक कालव, उजव्या हातात बोथट टोकाची आखूड सुरी. चाळीस वर्षं त्याने घड्याळं दुरुस्त केली होती. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना त्याचा हात कधी हलला नव्हता. आज सुरी कुठे टेकवायची ते त्याने दोनदा विचारलं होतं.

धुवायचं काम त्याने आधीच उरकलं होतं, तिने सांगितलं तसंच. नळाखाली एकेक धरून ताठ ब्रशने चिखल काढायचा. भिजत घालायची नाहीत, गोड्या पाण्यात ती मरतात. ज्याचं तोंड उघडं दिसेल त्याला टिचकी मारायची. मिटलं तर ठेवायचं, नाहीतर कचऱ्यात. एकाला त्याने चारदा टिचकी मारली आणि तरी ते हातात धरून बसला.

"टाका ते. गेलंय."

त्याने टाकलं, पण तिच्याकडे न बघता.

तिची हयात हॉटेलच्या किचनमध्ये कालवं उघडण्यात गेली होती. त्याचा स्वयंपाकघराशी संबंध फक्त जेवणापुरता. पाणी उकळायला ठेवलं तर तेही करपवेल, असं ती सगळ्यांना सांगायची आणि तोही हसायचा.

दोन महिन्यांपूर्वी दोघांनी वर्षाच्या नेहमीच्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली. परत आल्यावर तिने त्याला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. यकृतात आहे, पसरलंय, ऑपरेशनचा उपयोग नाही. सहा महिने, फार तर आठ.

त्याचा थोरला भाऊ असाच गेला होता. डॉक्टरांनी त्याला वर्ष दिलं होतं. पण ऐकलं त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून निजला, तो उठलाच नाही. तीन आठवड्यांत कारभार आटोपला. तिला या घरात तसं होऊ द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने त्याला ओट्यापाशी उभं केलं. मागे राहणाऱ्याने उपाशी मरायचं नसतं, म्हणाली. आधी चहा, मग भात, मग डाळ. आठवड्याला एक पदार्थ.

तो मन लावून शिकला. मधूनच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा आणि लाल डोळ्यांनी बाहेर यायचा. त्याचं जेवण सुटलं, पँट कमरेला सैल झाली. काळजी माणसाला अशीच पोखरते, असं शेजारीण म्हणाली. काळजी वाहणाऱ्यालाही ताकद लागते, असं म्हणत बायको रोज त्याच्या हातावर दोन गोळ्या ठेवायची. तो मुकाट्याने गिळायचा.

"बिजागरी शोधा," ती म्हणाली. "निमुळत्या बाजूला असते."

"घड्याळाची पाठ उघडतात तसं?"

"अगदी तसं."

त्याने टोक टेकवलं, हलकेच दाबलं, मनगट वळवलं. बारीकसा आवाज झाला आणि शिंपला सुटला. आतलं पाणी त्याने सांडू दिलं नाही. वरच्या कवचाला धरून सुरी फिरवली, शिंपल्याची राहिलेली कच बोटाने टिपली. मग त्याने मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो हसत होता.

बारा कालवं झाली. तिने ती लसूण-कांद्यावर परतली. त्याने दोनच खाल्ली, बाकीची तिच्या ताटात सरकवली.

"ही अशी मांसाने भरलेली कधी मिळतात?" त्याने विचारलं.

"थंडीत."

त्याने टेबलाखाली बोटांवर महिने मोजले. तिला ते दिसलं.

"थंडीत मी करून घालीन तुला," तो म्हणाला. "तू नुसतं बसायचं. उठायचंसुद्धा नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

दुपारी परगावाहून मुलीचा फोन आला. त्याला बोलताना रडू यायचं, म्हणून तो कधी फोन घेत नसे. आत्ताही तो आत भांडी घासत होता आणि चक्क काहीतरी गुणगुणत होता. मुलीलाही ते ऐकू गेलं असावं.

"बाबांना सांगितलंस ना गं?"

"त्याच दिवशी."

"सगळं?"

"सगळं."

"मग ते इतके सावरले कसे?"

डॉक्टर बोलले होते ते तिने त्याला शब्दन् शब्द सांगितलं होतं. फक्त त्याच्या नावाच्या जागी स्वतःचं घातलं होतं.