पाण्यातला मका

पाण्याच्या नळीत मका निघाला.

तपासनीस बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रेषा चढलेलीच होती. जनुकं बदललेल्या मक्याचा अंश सापडला की यंत्राच्या पडद्यावर रेषा वर चढते. म्हणूनच प्रत्येक तपासणीत नमुन्यांच्या शेजारी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवायची, हा प्रयोगशाळेचा नियम. पाण्यात मका असायचं कारणच नाही. तिथली रेषा चढली, तर समजायचं की घोळ नमुन्यात नाही, आपल्याच घरात आहे.

बाईंनी यंत्र बंद केलं. त्यांना तीन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार आठवला.

त्या दिवशीही पाण्याची रेषा हलली होती. अगदी शेवटी, जराशी. तेव्हा त्यांचा कोट काढून झाला होता, पर्स खांद्याला होती. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणून त्यांनी कानाडोळा केला आणि अहवालावर सही ठोकली. एका लहानशा गिरणीच्या मक्याच्या पिठात बदललेली जनुकं आढळली, असा तो अहवाल. पाकिटावर तर ठळक छापलेलं होतं की असला मका या पिठात नाही. तान्ह्या मुलांसाठीचं पीठ ते. दुकानांनी पाकिटं परत पाठवली, अन्न खात्याने गिरणीला टाळं लावलं. ती बातमी बाईंनी चहा पिता पिता वाचली होती आणि ‘बरी अद्दल घडली’ असं म्हटलंही होतं.



गिरणीच्या पिठाची राखून ठेवलेली अर्धी पिशवी कपाटात होती. दोन महिन्यांनी ती नियमाप्रमाणे नष्ट झाली असती आणि कुणाच्या बापाला काही कळलं नसतं. बावीस वर्षांत बाईंच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्यांनी कपाट उघडलं.

शेजारची रिकामी खोली घेतली. नवे हातमोजे, थेंब मोजून टाकायची नवी पिपेट, नवं पाणी. तीनदा तपासलं. दोन दिवस गेले. तिन्ही वेळा पाणी गप्प राहिलं आणि पिठाची रेषाही ढिम्म हलली नाही. पिठात काही नव्हतं. मग त्यांनी जुन्या पिपेटी एकेक करून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. पडताळणीसाठी मुद्दाम आणलेल्या बदललेल्या मक्याची एक पिपेट असते, नमुन्यांची वेगळी. दोन्हींवरच्या चिकटपट्ट्यांची अदलाबदल झाली होती, आणि बदललेल्या मक्याची पिपेट नमुन्यांत आणि पाण्यात बुडत होती. पट्ट्यांवरचं अक्षर बाईंचंच होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मागून शून्यसाहेब म्हणत. अहवालात शून्य दिसल्याशिवाय त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडत नसे. त्यांनी उभ्याउभ्याच कागद वाचले.

“पट्ट्या कुणी लावल्या?”

“मी. आणि पाण्याची रेषाही मला दिसली होती, साहेब. दिसूनही मी सही केली.”

साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले.

“खात्याला पत्र मी आजच लिहितो. चौकशी होईल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको,” ते शेवटी म्हणाले. “गिरणीत फोन कोण करणार?”

“मीच करते.”

“करा. पण आधी घोटभर पाणी प्या.” आणि त्यांनी स्वतःचा पेला पुढे सरकवला.

फोन गिरणीच्या मालकिणीनेच उचलला. आवाज थकलेला होता. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पीठ चांगलं आहे, चूक आमची, म्हणजे माझी, टाळं निघेल, मी माफी मागते. मग शिव्या खायच्या तयारीने त्यांनी डोळे मिटले.

“असं कसं होईल, मॅडम?” मालकीण म्हणाली. “माझ्या भावाने तर कबूल केलंय.”

बाईंनी डोळे उघडले. “काय कबूल केलंय?”

“मका तोच पुरवतो मला. खात्याचे लोक माझा परवाना कायमचा काढून घ्यायला निघाले होते. तेव्हा तो पुढे झाला. म्हणाला, ताईला यातलं काही माहीत नाही, बाजारातला तसला मका मीच मिसळला. तसं लिहून दिलं त्याने. म्हणून परवाना वाचला. वरच्याच मजल्यावर राहतो, पण पंधरा दिवस झाले, मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.”

बाईंनी समोरच्या तीन कागदांवरच्या सपाट रेषा पुन्हा पाहिल्या. या वेळी सावकाश, पाण्यापासून सुरुवात करून.

“ताई, मी तीनदा तपासलंय,” त्या म्हणाल्या. “त्या पिठात तसला एक दाणाही नाही. कुणी काही मिसळलेलंच नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मालकीण फोन हातात घेऊनच निघाली होती. चपला जिन्यावर धडधडत वर गेल्या. कुठलंसं दार तळहाताने बडवलं गेलं आणि रडणं आणि हसणं एकत्र झालेला तिचा आवाज बाईंच्या कानात घुमला,

“अरे मेल्या, दार उघड! तुझा मका चांगला आहे, आणि तू एक नंबरचा खोटारडा आहेस!”