डावरा सतारवाला

निजामाचं राज्य गेलं त्या साली बोरीच्या जत्रेत सुगंधाबाईनं नवऱ्याबरोबर एक सिनेमा बघितलेला. बाप्ये पडद्यापुढं, बाया पडद्यामागं. आरसेमहाल, नाचगाणी, राजकन्येवर दोघांचा जीव. शेवटी हरलेला प्रियकर एकटाच सतार वाजवत बसतो. "बिचारा डावरा व्हता," परतताना ती म्हणाली. "येडे, उजव्या हातानं वाजवायलता की!" धोंडीबा हसला. तेव्हापासून शेळ्यांमागं, चुलीपुढं हेच भांडण. औंदा तोच सिनेमा पुन्हा आला, धोंडीबा नव्हता. आता बायाही पुढं बसायच्या. तिनंही घोंगडी पुढंच अंथरली. सतार वाजू लागली, उजव्या हातानं. पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, हे तिला आत्ता उमगलं. "आवं, तुमचंच खरं," म्हणत ती वळली. शेजारी घोंगडी रिकामीच. गाणं संपायच्या आत घोंगडी उचलून ती पडद्यामागं गेली. "बघा, डावराच हाय," ती म्हणाली नि उत्तराची वाट बघत बसली.