कुंपणापाशी येणारा

वडिलांच्या रानाची वाटणी झाल्यापासून थोरला भाऊ रोलिन आणि मी बोलत नव्हतो. मधल्या कुंपणापाशी, मेपलच्या झाडाखाली, शिकारीसाठी नराला भुलवायला मी दर नोव्हेंबरात माजावरचं नर हरीण उकरतं तशी माती उकरायचो आणि हरणीचं मूत शिंपडायचो. दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा ताजी उकरलेली असायची, म्हणजे नर येऊन गेलेला. अकरा वर्षं त्या नराची वाट पाहिली, एकदाही दिसला नाही. यंदा तर फिरकलाच नाही. जागेवर पाला साचला.

शिकारीचा हंगाम संपल्यावर आर्लिस वहिनी सप्टेंबरात वारलेल्या रोलिनचं शिकारीचं सामान घेऊन आली. त्यात हरणीच्या मुताची अर्धी बाटली होती.

"कुंपणाजवळच्या एका नरानं वेड लावलं होतं त्याला," ती म्हणाली. "म्हणायचा, गडी रोज येऊन माती उकरून जातो, पण तोंड काही दाखवत नाही."