लसणाचा खुराक

पांढऱ्या संरक्षक सुटांतली माणसं सकाळपासून धावत होती, पण दुपार झाली तरी त्यांच्या हाती जेमतेम दोन-चार कोंबड्या लागल्या होत्या. बाकीच्या कुंपणावरून उडून बांबूच्या बेटात शिरल्या होत्या. म्हातारी बुनिम ओट्यावर बसून हा खेळ बघत होती.

"कोंबड्या आहेत का ससाणे?" एक जण धापा टाकत ओट्याला टेकला. "आजी, घालता तरी काय यांना?"

"लसूण," बुनिम बोलून गेली. "भाताचा कोंडा आंबवायचा, त्यात ठेचलेला लसूण आणि वाळका दवणा. औषधाचा थेंब कधी दिला नाही मी. एवढी थंडी पडली, पण एक शिंकली असेल तर शपथ." सांगताना तिचा चेहरा खुलला होता. मग त्या माणसाच्या हातातलं पोतं तिला दिसलं.

बर्ड फ्लू तिच्याकडे नव्हताच मुळी. तो निघाला खिंडीपलीकडच्या बंदिस्त शेडमध्ये. नकाशावर त्या शेडभोवती गोल काढला गेला आणि बुनिमचं घर नेमकं गोलाच्या आत आलं. आतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या, आजारी असोत नसोत. निदान तपासा तरी, म्हणून ती काल हातापाया पडली. तपासल्या. एकीलाही काही नव्हतं. हुकूम तोच राहिला.

आणि तो हुकूम काल घेऊन आला होता तिचा जावई, ग्यूवॉन. पशुखात्यात डॉक्टर होता. आता तोंडावरची पट्टी न काढताच तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, तुम्ही हाक मारा ना. तुमच्या हाकेला येतील त्या."

बुनिमने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"जावईबापू, जावई घरी आला की त्याला एक कोंबडी कापायची, अशी रीत आहे आपल्यात. तुम्ही तर अख्खं खुराडंच मागताय."

त्याने मान खाली घातली. "दुसऱ्याला पाठवणार होते. तुमची लेकच म्हणाली, परक्याच्या तोंडून कळायला नको."

"आणि नाही मारली हाक तर?"

"जाळी टाकतील. काठ्या घेऊन आत शिरतील. कुणाचे पाय मोडतील, कुणाचे पंख, आणि शेवटी व्हायचं ते होईलच. तुम्ही बोलावलंत तर गॅसने... झोपल्यासारखं होईल सगळं."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. बुनिम उठली. घमेल्यात कोंडा ओतला. लसूण ठेचताना हात जरा थबकला. मग रोजच्याएवढाच घातला, कारण त्या वासाशिवाय त्या आल्या नसत्या.

"गु गु गु," तिने हाक दिली. घमेलं वाजवून तिने पुन्हा हाक दिली.

बांबू हलले. एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत, पंख फडफडवत सगळ्या आल्या आणि तिच्या पायांशी घमेल्यावर तुटून पडल्या. ताडपत्री घेतलेली माणसं दोन पावलं पुढे सरकली.

"आधी खाऊ द्या," बुनिम म्हणाली.

ग्यूवॉनने हात वर करून माणसांना थांबवलं. थोडा वेळ नुसता चोचींचा आवाज येत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "किती वेळ लागेल, आई?"

"धडधाकट आहेत हो सगळ्या," घमेल्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "आजारी असत्या तर खायला वेळ लागला असता."