डावा पाय ओढणारा सूट

आम्लाच्या टाक्या तपासताना हणमंत शेलारची शुद्ध हरपली, पण अंगावरच्या सूटने त्याला पडू दिलं नाही. आग, आम्ल आणि विषारी वायू अडवणाऱ्या त्या कापडाने हणमंतला आत तसाच उभा ठेवून उरलेले तीन तास ड्युटी केली, हजेरीच्या यंत्रावर त्याचा अंगठा टेकवला आणि मगच त्याला दवाखान्यात नेलं. हणमंतला सूटचं फार कौतुक वाटलं. वर्षभर रोज अंगात घालून त्यानेच तर सूटला चालायला शिकवलं होतं.

सोमवारी तो कामावर आला, तर फाटकातच तांबोळी सुपरवायझर शाल आणि नारळ घेऊन उभे.

"शेलार, सत्कार आहे तुमचा."

"बरा झालो म्हणून?"

"निरोपाचा. त्या दिवशी टाक्या पहिल्यांदाच वेळेत तपासून झाल्या हो. तुमची मध्ये लुडबुड नव्हती ना."

हणमंतने आत पाहिलं. रिकामा सूट डावा पाय किंचित ओढत टाक्यांकडे निघाला होता, अगदी त्याच्यासारखा.

"काय हणमंतराव, तब्येत कशी आहे आता?" वाटेत कुणीतरी सूटला विचारलं.

सूटने वळून एकदा फाटकाकडे पाहिलं आणि बरी आहे अशी मान डोलावली.