पाव फेरा

थोरल्याने चाकाला सहज बोट लावलं आणि चाक भिरभिरत सुटलं. थांबेचना. पाच फेरे झाले, सहा झाले.

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने शेजारचं चाक फिरवलं. तेही तसंच. टेबलावर छोट्या विमानांच्या नाकाखाली बसवायचे, एकेका चाकाचे चार पुढचे पाय ओळीने बांधून ठेवले होते, आणि चारही चाकं वाऱ्यावर सोडल्यासारखी फिरत होती.

"मी आवळलेल्या चाकांच्या नटांना कुणी हात लावला?" तो गरजला.

शेडमध्ये दोघंच होते. धाकटा खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून पत्र्याची कड घासत होता. "तू चहाला गेला होतास ना, तेव्हा मांजर आलं होतं," तो म्हणाला. "पाना मागत होतं."

थोरल्याला हसू आलं नाही. दुपारी चौघं जण हे पाय न्यायला येणार होते. चौघांनीही आपापलं विमान घरीच बांधलं होतं. हा नवा पाय थोरल्याने वर्षभर खपून तयार केला होता. दांडा जाड केला होता. चाक धरणारा चिमटा गवतापासून चार बोटं वर उचलला होता, आणि खाली एक वाकवलेली पट्टी लावली होती, म्हणजे पाय वाकलाच तर जमिनीत रुतायच्या ऐवजी घसरत जाईल.

हे सगळं ज्याच्यापायी केलं, तो खिडकीपाशी बसला होता. दोघांनी सहा वर्षं खपून याच शेडमध्ये विमान बांधलं. धाकट्याने ते उडवलं, गवताच्या मैदानावर उतरवलं, पुढचा चिमटा जमिनीत रुतला आणि विमान पाठीवर पालथं झालं. धाकट्याचे पाय कायमचे गेले. "मागची चाकं आधी टेकवायची सोडून याने नाक टेकवलं," असं थोरला पहिल्या दिवसापासून सांगत आला. मैदान खडबडीत होतं असं कुणी म्हणालंच, तर तो फटकन म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" धाकट्यासमोरही म्हणे. धाकटा मान खाली घालून ऐकून घेई. त्याच्या हातून झालेली चूक दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतू नये, म्हणून तर हा पाय.

"हाताला लागेपर्यंत आवळायचं आणि वर पाव फेरा," थोरला आता तावातावाने बोलत होता. "कारखान्यात चाळीस वर्षं हेच केलं. माझा एक नट कधी सुटला नाही!"

"चाक फिरतंय ना दादा? मग फिरू दे की."

"फिरतंय म्हणजे ढिलं आहे! थांब, कसं असायला हवं ते दाखवतो तुला."

त्याने टेबलाखालचं पोतं ओढलं. अपघातापासून ते कुणी उघडलं नव्हतं. आत तो जुना पाय होता, मागे दुमडलेला. नट आवळून झाला की थोरला नटावरून चिमट्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. नट हलला की रेघ तुटायची. ही रेघ अखंड होती. त्याच्यानंतर त्या नटाला कुणीच हात लावलेला नव्हता.

"हे बघ," तो अभिमानाने म्हणाला आणि त्याने चाकाला बोट लावलं.

चाक हललं नाही.

चिखल सुकला असेल. त्याने खरवडून काढला, तेल सोडलं, तळव्याने जोर लावला. चाक दोन बोटं सरकलं आणि अडलं. मग त्याने पाना घेतला आणि नट मागे घेतला. पाव फेरा.

चाक भिरभिरत सुटलं.

तो स्टुलावर बसला. न फिरणारं चाक गवतावर फरफटत गेलं असणार. पाय मागे दुमडला असणार. नाक आधी टेकायची गरजच नव्हती. अंगण वाकडं नव्हतं, आणि नाचणाराही चुकला नव्हता.

मग तो उठला आणि नव्या चार नटांवरच्या रेघा त्याने वाकून पाहिल्या. त्या त्याच्या नव्हत्या. त्याची रेघ एका दमात ओढलेली, सरळ. या वाकड्या होत्या, कुणीतरी खाली बसून हात उंचावून ओढल्यासारख्या.

त्याने वळून पाहिलं. धाकट्याने हात मांडीवरच्या चादरीखाली घेतला, पण अंगठ्याच्या नखातला पिवळा रंग दिसायचा तो दिसलाच.

"तुला... कधीपासून माहीत आहे?"

"काय माहीत आहे? ते पोत्यात टाक आधी, माणसं यायची वेळ झाली," धाकटा म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "नाक मीच आधी टेकवलं होतं, दादा."